लोटनचा दगड

स्वतःच्या मरणाची बातमी वाचण्याचं भाग्य माणसाला सहसा मिळत नाही. कळसाडीच्या हेमराज नानांना ते दोनदा मिळालं. पहिल्यांदा बातमी तारेने आली, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. दुसऱ्यांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली, तेव्हा पंचाहत्तर.

डिसेंबरचा पहिला आठवडा संपत आला होता. नानांच्या वावरात ऊसतोड चालू होती, कापसाची शेवटची वेचणी राहिली होती, आणि नाना दुपारच्या भाकरीला घरी निघाले होते. पंचायतीपुढे गर्दी दिसली म्हणून थांबले. तळोद्याकडचा बाज्या पाथरवट एक काळा, छातीएवढा दगड लिंबाखाली ठेवून त्याच्यावरची पोती सोडत होता. पंचायतीने ठरवलं होतं की सोळा डिसेंबरला, एकाहत्तरची लढाई जिंकली त्या दिवशी, गावातून रणात गेलेल्या एकुलत्या एका जवानाचं स्मारक उघडायचं. तो जवान म्हणजे नानांचा धाकटा भाऊ लोटन. महिनाभर नाना ज्याला त्याला धरून हे सांगत होते. सांगताना छाती अशी काढत की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

नानांनी चष्मा पुसला आणि दगड वाचला. शहीद जवान हेमराज दगा पाटील.

"नाना, तुमी तं मरी गयात!" मागून कुणीतरी ओरडलं. "तेरावानं जेवन कव्हय शे?"

माणसं पोट धरून हसली. एका बाईने तर नानांच्या पाया पडून घेतलं, शहिदाचं दर्शन कुठे रोज मिळतं म्हणून. बाज्या बिचारा कावराबावरा झाला. खिशातून कागद काढून तो प्रत्येकाच्या नाकासमोर धरू लागला. "मी नई चुकनू. देखा, कागदवर हाईच नाव शे!"

कागद खरा होता. ग्रामसेवक नवनीत बाहेर आला. पोरगा जळगावकडचा, कामाचा चोख, बोलणं सगळं शुद्ध. तो म्हणाला, "यादी सैनिकी कार्यालयाकडून आली आहे, नाना. तिच्यात हेच नाव आहे. काहीतरी गफलत झाली असेल. लोटन आजोबांचा एखादा जुना कागद द्या, भरतीचा म्हणा, पत्र म्हणा. मी आजच दुरुस्तीला पाठवतो."

"आणि कागद नसेल तर?"

नवनीतने डोकं खाजवलं. "मग अवघड आहे. यादीतला हेमराज दगा पाटील जिवंत आहे असं मला लिहून द्यावं लागेल. म्हणजे कागदोपत्री या गावात शहीद कोणीच नाही. मग हा दगड उघडता येणार नाही."

सगळं गाव हसत होतं, नाना मात्र दगडाकडेच बघत होते. कारण गफलत कार्यालयाची नव्हतीच. यादी अगदी बरोबर होती. खोट होती ती या दगडापुढे चष्मा पुसत उभ्या असलेल्या माणसाची, आणि त्रेपन्न वर्षं तो ती पोटात घालून बसला होता.

झालं होतं ते असं. एकोणसत्तर साली जिल्हा धुळ्याचा होता आणि पलटणीची भरतीही धुळ्यालाच होती. दगा पाटलांचा थोरला हेमराज वीस वर्षांचा, सातवी पास, अंगाने भरलेला. गावभर त्यानेच फुशारकी मारली होती की मी पलटणीत जाणार. धाकटा लोटन सतराचा. त्याच्या आधीचं मूल पाळण्यात गेलं, म्हणून जन्मल्याबरोबर मायने त्याला उकिरड्यावर लोटून पुन्हा उचललं होतं, यमाला वाटावं की ही टाकाऊ चीज आहे. तिथून नाव पडलं लोटन. यमाला फसवलेल्या या पोराने शाळा चौथीतच सोडली, पण पलटणीचं वेड असं की रस्त्याने लष्करी गाडी गेली तर तो तिच्यामागे अर्धा कोस धावायचा. वय बसत नाही, दाखला नाही, म्हणून भावाच्या भाकरीचं गाठोडं धरायला म्हणून तो धुळ्याला आला.

मैदानावर पोरं लंगोटावर रांगेत उभी होती. पुढे एक सरदारजी टेप घेऊन छात्या मोजत होता आणि मोजता मोजता खेकसत होता. हेमराजच्या पुढे चार जण उरले आणि त्याच्या पोटऱ्या लटलटू लागल्या. का, ते त्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढे कधीही कळलं नाही. रांगेच्या कडेला लोटन उभा होता. त्याच्या हातात दाखला कोंबून हेमराज म्हणाला, "हाऊ धर. मी पानी पीसन येस."

पाणी प्यायला गेलेला माणूस सरळ बसस्टँडवर जाऊन बसला. दिवेलागणीला लोटन उड्या मारत आला. "दादा, मी पास व्हई गऊ!" कोणत्या नावाने, असं हेमराजने विचारलं, तर हा गडी दात काढून म्हणतो, "तुन्हाच नावनी. मन्हापा दुसरं कोनतं व्हतं?"

बापाने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी दार लावून सगळ्यांना बसवलं. कागद खोटा आहे हे बाहेर फुटलं तर दोन्ही पोरांच्या हातात बेड्या पडतील, तेव्हा तोंडं शिवा. तोंडं शिवली गेली. गावाला एवढंच ठाऊक की दगा पाटलांचा लोटन मिलिटरीत आहे. पलटणीला ठाऊक की आपला हेमराज पाटील खानदेशचा आहे, धावायला वारा आहे. लोटनची पत्रं यायची आणि खाली सही असायची हेमराज. थोरला भाऊ ती पत्रं मायला वाचून दाखवायचा आणि सही मात्र वाचायचा नाही.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. शहाद्याहून नवा पोस्टमन तार घेऊन दारात उभा राहिला. हेमराज सामोरा गेला. पोस्टमन म्हणाला, हेमराज दगा पाटील रणात पडले, आपण त्यांचे कोण? चुलीपाशी बसलेल्या मायने ते ऐकलं, आणि ती चक्क हसली. "हेमराज तं आठेच उभा शे," ती म्हणाली. "चुकीनी तार शे ती. जाय भाऊ, दुसरं घर देख." ते हसू क्षणभर टिकलं. मग तिने थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिच्या हातातली पळी राखेत पडली. हेमराजने पोस्टमनला सांगितलं, "मी त्याना भाऊ शे." तुमचं नाव काय, असं पोस्टमनने कागदासाठी विचारलं, तेव्हा त्याने खाली पाहिलं आणि बापाचं नाव सांगितलं. अंगठा बापाने केला.

त्या दिवसापासून नानांना आपल्या नावाची लाज वाटायची. मतदानाच्या यादीत, सोसायटीच्या पावतीत, लग्नपत्रिकेत, जिथे जिथे हेमराज दगा पाटील लिहिलं जाई तिथे त्यांना वाटे, हे नाव मी रांगेत टाकून पळालो आणि ज्याने उचललं तो मेला. माय वर्षाच्या आतच गेली, पाठोपाठ बाप गेला, बेड्यांची भीतीही कधीच सरली. बोलायला आता आडकाठी कुणाची नव्हती. पण माणूस खोटं लपवायला एक दिवस थांबतो आणि मग थांबण्याचीच सवय लागते. लोक म्हणतच होते की लोटन शहीद झाला. मग नानांना वाटायचं, चाललंय ते बरं चाललंय.

आता मात्र चालणार नव्हतं. आठ दिवसांत पुरावा आला नाही तर लोटन दगडावरून जाणार होता. मायने यमापासून लपवून ठेवलेल्या पोराचं नाव गावाच्या वेशीतही उरणार नव्हतं. आणि पुरावा द्यायचा तर सांगावं लागणार होतं की लोटन त्या रांगेत मुळात शिरला कसा.

नानांनी खांडबाऱ्याला धाकट्या बहिणीला फोन लावला. धनुबाई दुसऱ्या दिवशी हजर. पासष्टीची बाई, जिभेला धार, गुडघ्यांना कुरकुर. लोटन गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि घरात दार लावून जे बोललं गेलं त्यातलं तिच्या कानावर काही घातलेलं नव्हतं. नानांनी तिला अर्धं सांगितलं. लोटनने माझा दाखला नेला, माझ्या नावाने भरती झाला, म्हणून यादीत माझं नाव. पाणी प्यायला गेल्याचं मात्र त्यांनी गिळलं.

धनुबाईने चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हनीसन त्या वरीस आबा भाटले धरी बसना व्हतात! दार लाईसन. मी खिडकीमाईन देखं. आबा रडी ऱ्हायना व्हतात नि भाट लिखी ऱ्हायना व्हता."

बापाचं नाव निघताच नानांनी मान दुसरीकडे वळवली. ज्या गोष्टीपासून ते जन्मभर पळत होते तीच बहिणीने नेमकी बोट ठेवून दाखवली.

भाट म्हणजे वंशावळीचा माणूस. या भागातल्या जुन्या घरांचे भाट मध्य प्रदेशातल्या नेमाडातून येतात, पाच-सात वर्षांनी एकदा, लाल फडक्यात बांधलेली वही खांद्यावर टाकून. कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाची सोयरीक कुठे झाली, सगळं वहीत चढतं. सरकारी दप्तराला माणूस खोटं सांगेल, सोयऱ्याला सांगेल, प्रसंगी देवालाही सांगेल, पण वहीला सांगत नाही. वहीत खोटं लिहवलं तर वंश खुंटतो अशी समजूत. वही वाचण्याचाही कायदा आहे. मूळ पुरुषापासून सुरुवात करायची, भाऊबंद जमवून, मोठ्याने. आणि चालू पिढीचं पान घरधनी समोर बसल्याशिवाय उघडायचं नाही. बाप गेल्यापासून भाट सात-आठदा आला आणि दर वेळी नानांना नेमकी वावरात पाण्याची पाळी आली. धान्य दिलं, धोतरजोडी दिली, जेवू घातलं, पण समोर काही बसले नाहीत. बापाने आपल्याबद्दल काय लिहवून ठेवलंय ते ऐकायची छाती त्यांना झाली नाही. त्यामुळे दगा पाटलांच्या पुढचं पान पन्नास वर्षं कोणी ऐकलेलंच नव्हतं.

नात रंजिता शहाद्याच्या कॉलेजात शिकते. तिने दोन फोन केले, तिसऱ्याला भाट सापडला. आताचा भाट रूपसिंग, बापाच्या जागी आलेला, स्वतःच साठीचा. चौथ्या दिवशी तो बसमधून उतरला. नानांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि हळूच म्हणाले, "ते एकच पान पाहिजे होतं. पोरगी मोबाइलवर फोटो काढील. तुमची वही तुमच्याजवळ."

रूपसिंगने कानाच्या पाळ्या धरल्या. "नाना, वही दिखाने की चीज नहीं. सुनाने की चीज है. भाऊबंद बसतील, तुम्ही समोर बसाल, मग वही बोलेल."

"काय लिहिलंय तुला माहीत आहे?"

"तुमच्या बापाने लिहवलं, माझ्या बापाने लिहिलं. मी आजपर्यंत उघडलं नाही. तुम्ही बसलातच कुठे?"

नाना उठले आणि तडक वावरात गेले. ऊस तोडून झालेल्या सऱ्यांत पाचट पसरलं होतं. त्यात ते बसून राहिले. थोड्या वेळाने गुडघ्यांना शिव्या देत धनुबाई आली आणि शेजारी टेकली. "आते काय व्हयनं? वही नको वाटस का तुले?"

मग नानांनी सांगितलं. सरदारजी, टेप, पुढची चार पोरं, लटलटलेल्या पोटऱ्या, दाखला, पाणी, बसस्टँड. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मी पळनू, धनू. म्हनीसन तो मरना. आबानी हाईच लिखाडेल व्हई. बठ्ठा गावम्होरे वाचतीन."

नानांना वाटलं बहीण रडेल, नाहीतर निदान पाठीवरून हात फिरवील. धनुबाईने पाचटाचं एक पातं तोडलं आणि त्यांच्यावर फेकलं.

"पळानं एक दिननं व्हतं, नाना. गप बसानं त्रेपन्न वरीसनं. तुन्हा पाय लटपटनात, बरं, माणूसना लटपटतस. पन मन्हा भाऊ नावबिगर मरना हाई मी नई सहन करसू. तू वीस वरीसना व्हता तव्हय पळना. आते पंचाहत्तरमा कोठे पळशी? गुडघा तरी शेतस का?"

नाना हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले आणि ते त्यांनी पुसले नाहीत. वीस वर्षांचा पोरगा घाबरला होता, ही एवढीशी गोष्ट पहिल्यांदाच त्यांना एवढीशी दिसली.

तेरा तारखेला सकाळी दहा वाजता ग्रामसभा बसली. नवनीतने दवंडी दिली होती, पण खरी दवंडी धनुबाईने दिली होती, घरोघर जाऊन. लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. गोधडी अंथरून रूपसिंग बसला, वहीला कुंकू-तांदूळ वाहिले, आणि समोर हेमराज नाना मांडी घालून बसले. गावातल्या म्हाताऱ्यांना ते दृश्य नवीनच होतं.

रूपसिंग फडकं सोडणार तोच नाना म्हणाले, "थांब." आणि उभे राहिले.

"वही बोलाना आगे मी बोलस," ते म्हणाले. आवाज फाटला, पण थांबला नाही. "दगडवर मन्हं नाव शे ती गफलत नई शे. मी भरतीले गयथू. रांगमा मन्हा पुढे चार पोऱ्या ऱ्हायनात नि मन्हा पाय लटपटनात. मी दाखला लोटनना हातमा दिधा नि पळनू. लोटन मन्हा जागावर उभा ऱ्हायना, मन्हं नाव लिसन गया, मन्हं नाव लिसन लढना, मन्हं नाव लिसन मरना. मी हेमराज, मी जिता शे, कारन तो मन्हा नावनी मरना. बस. आते वाच."

ते खाली बसले. तेराव्याचं जेवण मागणाऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. नवनीतने पेनाला टोपण लावलं.

रूपसिंगने वाचायला सुरुवात केली. गुजरातेतून निघालेला मूळ पुरुष, तापीकाठी पहिली वसती, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. प्रत्येक नावाला भाऊबंद रीतीप्रमाणे "हां जी" म्हणत होते. चौदा पिढ्या झाल्या. पंधराव्या नावाला दगा पाटील आले आणि रूपसिंगने नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली. पान उलटलं गेलं.

"संवत दोन हजार अठ्ठावीस. दगाचा बेटा लोटन. भावाच्या दाखल्यावर, भावाच्या नावाने पलटणीत गेला. त्याच नावाने रणात पडला. नाव हेमराजचं, देह लोटनचा. मी दगा सरकारशी खोटं बोललो, गावाशी खोटं बोललो, वहीशी बोलणार नाही."

"हां जी," भाऊबंद म्हणाले.

"पुढे आहे," रूपसिंग म्हणाला, आणि चष्मा सारखा करून वाचू लागला. "लोटन सुटीवर आला होता तेव्हा मला बोलला. आबा, दादा पाणी प्यायला गेला हे माझं नशीब. मी तर धुळ्याला देवाला नवस बोलून आलो होतो की दादाला काहीतरी होऊ दे. तो परत आला असता तरी दाखला मी दिला नसता. मैदानभर त्याला मागे पळवलं असतं, पण दिला नसता. असं बोलून पोरगा हसला."

लिंबाखाली कुठेतरी कुणीतरी हुंदका दिला आणि कुणीतरी हसलं, बहुधा एकाच माणसाने.

"हेमराज घरी राहिला म्हणून माझं वावर राहिलं, मायच्या तोंडात शेवटचं पाणी पडलं. एक बेटा देशाला गेला, एक घराला उरला. दोघेही माझे शूर. हे हेमराजला मला तोंडाने सांगता येत नाही. पुढच्या वेळी तो समोर बसेल तेव्हा भाटाने सांगावं."

हेमराज नाना गोधडीच्या काठावर वाकले, इतके की त्यांचं कपाळ वहीला लागलं. पन्नास वर्षं दर वेळी बापाचा निरोप दारात आला होता आणि दर वेळी ते त्याला पाण्याची पाळी आहे म्हणून सांगून परत पाठवत आले होते. स्वतःच्या मूर्खपणाचं त्यांना हसू आलं, बापाची आठवण आली, लोटन तर समोर दात काढून उभाच होता. धनुबाईने त्यांना दंडाला धरून वर ओढलं. "बस नीट. घरधनी शे ना तू?"

नवनीत उभा राहिला. त्याने ठरावाचं पुस्तक उघडलं. "सैन्याच्या दप्तराची दुरुस्ती व्हायची तेव्हा होईल," तो म्हणाला. "नानांचा जबाब, वहीची नक्कल आणि ग्रामसभेचा ठराव आजच वर पाठवतो. चौकशी होईल, वेळ लागेल. पण दगड ग्रामपंचायतीचा आहे आणि ग्रामपंचायत तुमची आहे. दगडावर लोटन दगा पाटील हे नाव असावं, असा ठराव. मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. बायकांचे झाले, ज्यांना मत नाही त्या पोरांचे झाले, ऊसतोडीला आलेल्या परगावच्या टोळीचेही झाले. नवनीत मोजू लागला, मग मोजणं सोडून त्याने लिहिलं, एकमताने.

आता अडचण बाज्याची होती. तीन दिवसांत दुसरा असा दगड कुठून आणणार? कोरलेलं नाव घासून काढावं तर दगडाला पोट पडणार, मध्येच खळगा राहणार. त्याने दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या बाजूवर पाणी टाकलं, हात फिरवला. "हाई बाजू बी साफ शे," तो म्हणाला. "दगड फिरवी टाकू. नवं नाव आठे कोरस. मांगलं घासानं का ऱ्हाऊ देवानं, ते सांगा."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. "त्यानी ते नाव दोन वरीस इज्जतनी वापरं. मी त्यानी लाजच धरी. त्याना पाठमांगे ते ऱ्हाऊ दे."

तीन दिवस लिंबाखाली छिन्नीचा आवाज चालू होता. बाज्याला चहा घेऊन येणारी माणसं इतकी झाली की त्याने शेवटी हात जोडले. नाना मात्र सकाळ-संध्याकाळ समोर बसून असत. 'लो' झाला, 'ट' झाला, 'न' झाला. 'न'ची काठी उतरली तेव्हा त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून बाज्याच्या तोंडात घातला. ऊसतोडीच्या मुकादमाने निरोप पाठवला की मालक, वावरात या, गाडी भरायची आहे. नानांनी उलट निरोप पाठवला की मालकाच्या भावाचं काम चालू आहे.

सोळा तारखेला गाव लोटलं. शाळेची पोरं झेंडे घेऊन रांगेत, बायका नवी लुगडी नेसून, कळसाडीच्या बाहेर दिलेल्या लेकीसुद्धा आलेल्या. जिल्ह्याहून एक निवृत्त सुभेदार पाहुणे म्हणून आले होते, छातीवर पदकं, हातात ती यादी. नवनीतने त्यांना सकाळीच सगळी हकिगत सांगितली होती. त्यांनी ऐकून घेतली होती आणि हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. तेवढीच एक टाचणी नवनीतच्या मनात होती.

सुभेदारांनी फडकं ओढलं. काळ्या दगडावर पांढरं भरलेलं नाव उन्हात लखलखलं. शहीद जवान लोटन दगा पाटील. धनुबाईने ते बोटाने वाचलं, एकेक अक्षर, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाऊ मन्हा भाऊ." शाळेची पोरं आधीच तयार होती. लोटन पाटील अमर रहे, असा आवाज उठला, आणि लिंबावरचे पोपट उडून पार उसावर गेले.

आवाज बसल्यावर सुभेदार माइकपाशी आले. "शहिदाचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पुढे यावेत," ते म्हणाले. नाना पुढे गेले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काठी घरीच ठेवलेली. सुभेदारांनी डाव्या हातातली यादी उघडली, तिच्यावर पेन टेकवलं आणि शिस्तीत विचारलं, "आपलं नाव?"

नवनीतने डोळे मिटून घेतले.

नानांनी माइक स्वतःकडे ओढला. "हेमराज दगा पाटील," ते म्हणाले, आणि कळसाडीने त्यांचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "लोटनना मोठा भाऊ. जिता शे!"

सुभेदारांनी यादीतलं नाव पाहिलं. नानांकडे पाहिलं. मग यादीची चार घड्या घालून ती खिशात ठेवली, टाचा जुळवल्या आणि नानांना कडक सलाम ठोकला.